उलट्या फांद्यांचा वाफा

१

शहाऐंशी साली मंदाकिनी बंगळूरहून शेतकीची पदवी घेऊन धुळ्याच्या देवपूरला परतली, तेव्हा आता तिचं लग्न लागणार असं गल्लीनं धरून ठेवलं होतं. ती मात्र दुधाच्या रिकाम्या पिशव्या गोळा करत घरोघर फिरू लागली. पिशव्या धुवायच्या, तळाला भोकं पाडायची, पांझरा नदीची वाळू आणि शेणखत भरायचं आणि प्रत्येकीत जास्वंदीची एक फांदी खोचायची. दूधवाल्याची सायकल यायच्या आधीच ती मागच्या अंगणात झारी घेऊन उकिडवी बसलेली असे.

"आबा, एवढं शिकवलं ते माती भरायला का हो?" लोक तिच्या वडिलांना विचारत. पितांबर आबा शाळेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. ते म्हणत, "माती भरायलाच शेतकी शिकतात."

तिची कल्पना साधी होती, पण ती सांगताना तिचे डोळे चमकत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या सगळ्या लेकी माहेरी येतात, झोके घेतात आणि परत जाताना पापड-कुरडया घेऊन जातात. यंदा प्रत्येकीनं माहेरचं एक रोप न्यावं. शिरपूर, साक्री, रावेर, जिथे नांदत असेल तिथे लावावं. बाजारात जास्वंद मिळत नाही, कारण ती दुपारीच मान टाकते. ती ज्याच्या त्याच्या दारातच हवी. आणि गल्लीत झाड होतं एकच, मंदाकिनीच्या अंगणातलं, हौदाजवळचं, पाच पाकळ्यांचं गावठी लाल.

माघात तिनं ते झाड पार खुंटापर्यंत छाटलं. बायका जमल्या होत्या. फांद्या कापता कापता ती शिकवत होती.

"आपण म्हणतो, फांदी लावली की नवं झाड झालं. पण ते नवं नसतंच मुळी. बी पेरलं तर झाडाचं लेकरू होतं. फांदी लावली तर तेच झाड दुसऱ्या जागी उभं राहतं. तेच रूप, तोच रंग. आईपासून वेगळं ओळखता येणार नाही."

"माणसाचं असं असतं तं बरं झालं असतं," शेजारची लताबाई म्हणाली. "एक लता चुलीपाशी, एक लता पलंगावर."

बायका हसल्या. हसताना मंदाकिनीचा चाकू निसटला आणि डाव्या अंगठ्याच्या टोकाचा डाळीएवढा तुकडा उडाला. हळद दाबली, चिंधी बांधली. तुकडा फांद्यांच्या ढिगात की मातीत, कुठे गेला ते कुणी पाहिलं नाही. पिशव्या भरून झाल्याच होत्या. उरलेल्या फांद्या लताबाईनं मागच्या भिंतीलगतच्या वाफ्यात लावून टाकल्या. ती भिंत सुगनबाईच्या खोलीची.

२

सुगनबाई म्हणजे मंदाकिनीची काकी. रक्ताची नव्हे. मंदाकिनी चार वर्षांची असताना तिची आई गेली. त्याच सुमारास मागच्या खोलीत राहणारी ही मारवाडी बाई विधवा झाली आणि दोन पोरक्या माणसांनी एकमेकींना धरलं. मंदाकिनीची वेणी तिनंच घातली, गोवरात रात्री तिनंच जागवल्या. तिचा भाऊ झुंबरलाल जळगावला कापडाचा व्यापारी होता. त्याच्याकडे ती दोनदा राहून आली होती. जिन्याखाली अंथरूण आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी. "ही खोली आहे तोवर मी माणूस आहे," असं ती एकदा म्हणाली होती.

चैत्रातल्या एका सकाळी मंदाकिनी नेहमीसारखी तिच्याकडे चहाला गेली. कोनाड्यातल्या गणपतीच्या तसबिरीवर जास्वंदीचं फूल होतं. लाल आणि ताजं.

मंदाकिनीनं कप खाली ठेवला. हौदाजवळचा खुंट आता कुठे पालवला होता. पिशव्यांतल्या फांद्यांवर दोन-दोन पानं होती. फूल यायला अजून कितीतरी अवकाश होता.

"काकी, हे फूल कुठलं?"

सुगनबाईनं डोळे बारीक केले आणि पदरात हसली. "वा गं छोरी. मलाच विचारतेस?"

"म्हणजे?"

"काही नाही. चहा पी."

ते हसू मंदाकिनीला आवडलं नाही. काहीतरी लपवणाऱ्या माणसाचं हसू ते. तिनं फूल उचललं. ते गार होतं, माठाच्या बुडासारखं. पाकळ्यांच्या कडा पांढुरक्या होत्या, दगडाखाली उगवलेल्या गवतासारख्या. देठापाशी, फुलाच्या घशात, ओली माती होती.

दुसऱ्या दिवशीही फूल होतं, तिसऱ्या दिवशीही. मग मंदाकिनी रोज सकाळी चहाऐवजी फूल बघायला जाऊ लागली.

३

वाफा तिनं फारसा पाहिलाच नव्हता. फांद्या वाळून काटक्या झाल्या होत्या, एकीलाही पान नव्हतं. अपयश म्हणून तिनं तो मनातून सोडून दिला होता. आता संशयानं ती तिथे जाऊन बसली आणि तिच्या ध्यानात आलं की प्रत्येक फांदीचा तिरपा काप वर होता.

बंगळूरला शिकवलं होतं, खालचा काप तिरपा आणि वरचा सरळ. तिरपं टोक मातीत. म्हणजे मुळं फुटायला जागा मिळते आणि फांदी उलटी लागत नाही.

लताबाई कुंपणापलीकडे सांडगे घालत होती. मंदाकिनीनं तिला बोलावलं.

"काकू, या सगळ्या उलट्या लावल्या तुम्ही."

"उलट्या? अवं माय, तिरपा काप वरतीच ऱ्हायतो ना!" लताबाई मूळची रावेरची, केळीच्या घरची. "केळीचं खोड कापतो आम्ही तं तिरपंच कापतो. पानी साचत नाही, सडत नाही. तूच तं तिरपा करून दिला, मले वाटलं तोच वरचा."

"मेल्या सगळ्या."

"तं उपटून टाक. त्यात काय रडाचं?"

लताबाई गेल्यावर मंदाकिनीनं एक फांदी धरून ओढली. वाळकी काटकी, दोन बोटांत यायला हवी होती. आली नाही. दुसरी ओढली. तीही घट्ट होती. तिसरी तिनं दोन्ही हातांनी धरली. फांदी थोडी वर आली आणि परत खाली गेली. झटका नव्हता त्यात. झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण ओढावं आणि त्यानं ते झोपेतच परत ओढून घ्यावं, तसं.

ती उठून उभी राहिली. मुळं धरली असतील, तिनं स्वतःला सांगितलं. उलटी फांदीही कधीमधी धरते, पुस्तकात आहे. मुळं ताणली जातात, मग आखडतात. एवढंच.

पण धरली असतील तर वर पान का नाही? आणि वर काहीच येत नसेल, तर खाली काय वाढतंय?

या प्रश्नापाशी थांबणं तिला जमेना. फूल मात्र काकीच्या कोनाड्यात होतं आणि काकीच्या खोलीची खिडकी याच वाफ्यावर उघडत होती. संशयाला जागा हवी होती, ती मिळाली. काकी कुठूनतरी डहाळ्या आणून वाफ्यात दडवत असेल. माती ओली ठेवून त्यात फुलं खुपसून ठेवत असेल. म्हातारपणी माणसं काय काय करतात. आपल्याला बनवते आहे. का, ते माहीत नाही, पण बनवते आहे.

त्या संध्याकाळी तिनं वाफ्याभोवती चुलीतली राख पसरली.

४

चैत्र अर्धा सरला की धुळ्याची दुपार म्हणजे गावात माणूस नाही असं वाटावं. दारं लोटलेली, खिडक्यांना ओली गोणपाटं. कुत्रीसुद्धा गटारीच्या ओलीत पोट टेकून पडलेली. मंदाकिनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी, गोणपाटाच्या फटीला डोळा लावून बसली होती.

टक्.

देठ मोडल्याचा आवाज. बागेत काम करणाऱ्या माणसाला तो झोपेतही ओळखू येतो. आवाज जवळून आला होता, पण अंगणात कुणी नव्हतं. पत्रा तापला की वाजतो, तिला वाटलं. पण मागच्या खोलीला पत्रा नव्हता, गच्ची होती.

ती धावत बाहेर गेली. राख जशीच्या तशी होती, तिच्यावर चिमणीचाही पाय नव्हता. आणि फाटकापासून मागे येणाऱ्या बोळाच्या तोंडाशी, सुगनबाईच्या उंबऱ्यावर, फूल होतं. उंबऱ्याच्या फरशीवर ओलसर डाग होता आणि तिच्या डोळ्यांदेखत उन्हात आटत होता.

दार उघडलं. सुगनबाईनं वाकून फूल उचललं, कपाळाला लावलं आणि समोर मंदाकिनीला पाहून तोंडभर हसली.

"आज सापडलीस!"

"मी सापडले?" मंदाकिनीचा आवाज चढला. "काकी, पुरे आता. खिडकीतून हात घालून वाफा उकरता तुम्ही. फुलं आणता कुठून ते सांगा. गल्लीत झाड नाही, बाजारात मिळत नाहीत. माझ्या रोपांशी खेळ कशाला?"

सुगनबाईचं हसू एकदम गेलं नाही. ते हळूहळू उतरलं.

"छोरी, तूच ठेवतेस ना?"

"मी?"

"रोज दुपारी मी दार लोटून पडते. चाहूल लागते. उठून बघते तर फूल, दुसऱ्या सकाळीही तसंच ताजं. आणि तू बोळातून पाठमोरी जात असतेस. केस मोकळे, पाय चिखलानं भरलेले. मी हाक मारते, तू वळत नाहीस. मला वाटलं, पोरगी मोठी झाली, लाजते. आई नसलेल्या पोरीनं म्हातारीसाठी फूल ठेवावं… मी कुणाला बोलले नाही. दृष्ट लागेल म्हणून."

"मी दुपारी घराबाहेर पडत नाही."

"मी डोळ्यांनी पाहिली तुला."

"खोटं आहे."

"मी खोटी?"

मंदाकिनीनं त्या वेळी गप्प बसायला हवं होतं. पण चुकीला चूक म्हणायचं, घरच्याचीही गय करायची नाही, हे ती बाहेरून शिकून आली होती आणि तिला ते फार मोलाचं वाटत होतं.

"हो," ती म्हणाली. "खोट्या आहात तुम्ही."

संध्याकाळी सुगनबाई ट्रंक घेऊन निघाली. आबांनी वाट अडवली, तर ती हात जोडून म्हणाली, "भाईसाहब, ज्या घरात मी खोटी, त्या घरचं पाणी माझ्या घशाखाली कसं उतरेल?" आणि जळगावच्या एसटीत जाऊन बसली.

आबा रात्री जेवले नाहीत. ताटावरून उठताना एवढंच म्हणाले, "आईविना पोर वाढवली तिनं. तिला तू जिन्याखाली पाठवलंस. आखाजीच्या आत तिला परत आण. नाही आणलीस तर तू आणि तुझी झाडं."

५

खोलीला कुलूप लागलं. तीन-चार दिवस अंगण गप्प होतं. बघा, मंदाकिनीनं मनाशी म्हटलं. काकी गेली, फुलं थांबली. म्हणजे माझंच खरं होतं. पण हे वाटलं तेव्हा तिला आनंद झाला नाही. त्याच दुपारी तिचा डोळा लागला आणि जाग आली तेव्हा माजघराच्या उंबऱ्यावर, आतल्या बाजूला, फूल होतं.

ती उठली. कुदळ घेतली आणि वाफ्यावर गेली.

भर उन्हात तिनं खणायला सुरुवात केली. वरची वीतभर माती वाळून दगड झाली होती. तिच्याखाली ती ओली होती, लोण्यासारखी. महिन्याभरात त्या वाफ्याला कुणी पाणी घातलं नव्हतं. तिनं कुदळ टाकली आणि हातांनी माती सारली.

फांद्या खाली वाढल्या होत्या. पांढऱ्या, बोटाएवढ्या डहाळ्या सरळ खाली गेलेल्या, त्यांना पांढरी पानं, आणि पानांच्या बेचक्यांत कळ्या. एक कळी उमलायच्या बेतात होती, मातीत, तोंड खाली करून. तिच्या शेजारच्या देठाला फूल नव्हतं. देठ मोडलेला होता आणि मोडल्या जागी रस अजून चिकट होता.

कुणीतरी ते नुकतंच तोडलं होतं. खालच्या बाजूनं.

कळ्यांच्या खाली पोकळी होती. उंदराचं बीळ म्हणावं तर फार रुंद. आतून चोपून गुळगुळीत केलेली, बायका चूल सारवतात तशी. ती भिंतीच्या पायाखालून काकीच्या खोलीकडे गेली होती. तिच्या तोंडाशी ओल्या चिखलात एक पंजा उमटला होता. पाच बोटं, लांबट, बाईची.

मंदाकिनीला तिथून उठून पळायचं होतं. तरी तिनं डावा हात पुढे केला आणि त्या ठशावर ठेवला. चारही बोटं चपखल बसली. तळहाताच्या रेघासुद्धा जागच्या जागी आल्या. अंगठा तेवढा बसला नाही. तिचा अंगठा चाकूनं टोकाला थोटा झालेला होता. ठशातला अंगठा पुरा होता.

पोकळीतून गार हवा आली. तिच्या हातावरची लव उभी राहिली आणि आत, भिंतीपलीकडे, कुलूपबंद खोलीत, कुणीतरी अनवाणी पावलांनी फरशीवरून चालत गेलं. सावकाश. स्वतःच्या घरात चालावं तसं.

तिनं दोन्ही हातांनी माती परत लोटली, वरून दगड रचले, फरश्या टाकल्या. लताबाई कुंपणाशी येऊन म्हणाली, "काय गाडून ऱ्हायली वं माय, खजिना?" तिला काय उत्तर दिलं ते मंदाकिनीला नंतर आठवलं नाही. पिशव्यांतल्या सरळ लावलेल्या रोपांना त्या आठवड्यात कळ्या आल्या होत्या. चांगल्या, हिरव्या, वर तोंड केलेल्या. तिनं ती सगळी रोपं उपटून हौदामागे जाळली. रोपांना कीड लागली असं तिनं गल्लीत सांगितलं. एवढं शिकून कीड ओळखता आली नाही, असं गल्ली म्हणाली.

आणि त्या रात्री तिनं ठरवलं की काकीला आणायचं नाही. जळगावचा जिना काही झालं तरी जिना होता. त्याच्या खाली माती नव्हती.

६

आखाजीच्या दिवशी सकाळपासून गल्ली लेकींनी भरली होती. वडाला झोके बांधले होते, गाणी चालली होती. आबा पितरांची घागर भरून देवळाकडे गेले होते. जाताना ते मंदाकिनीकडे न बघताच गेले.

दुपार कलायला लागली तेव्हा फाटकाची कडी वाजली. बाहेर सुगनबाई उभी होती. पायाशी ट्रंक, डोक्यावर ओला पदर, चेहरा उन्हानं काळवंडलेला. पंधरवड्यात ती दहा वर्षांनी म्हातारी झाली होती.

"आखाजी आहे ना," ती म्हणाली, जणू आपण आल्याचं कारण द्यायला हवं असं तिला वाटत होतं. "लेकी माहेरी येतात. माझं माहेर म्हणजे हीच खोली, छोरी. तू मला खोटी म्हण. चालेल. फुलं मीच आणली असंही म्हणेन मी, तुला हवं असेल तर. पण मला परत पाठवू नकोस."

मंदाकिनीला वाटलं, या बाईच्या पायावर डोकं ठेवावं, तिला मिठी मारावी, सांगावं की खोटी मी होते. फाटकावरच्या तिच्या हातांची बोटं पांढरी पडली होती.

"खोली दिली काकी," ती म्हणाली. "दुसऱ्याला दिली."

"कुणाला?"

"आहे एक भाडेकरू. आता जागा नाही. तुम्ही जा."

सुगनबाईनं ते ऐकलं. वाकून तिनं ट्रंकेची कडी धरली. उठताना तिची नजर मंदाकिनीच्या खांद्यावरून बोळात, मागच्या खोलीच्या दाराकडे गेली आणि तिथेच थांबली.

तिच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. आधी ती गोंधळली, मग तिनं मंदाकिनीकडे पाहिलं, मग पुन्हा मागे. आणि मग तिच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू आलं, गोवरातून उठलेल्या पोरीला पहिला घास देतानाचं.

"काकी, मागे बघू नका. माझ्याकडे बघा."

"ती बोलावते आहे मला," सुगनबाई म्हणाली.

"कुणी नाही तिथे. दाराला कुलूप आहे, किल्ली माझ्या कमरेला आहे."

"हातानं बोलावते आहे बघ." तिनं फाटक ढकललं. मंदाकिनीनं तिचं मनगट धरलं. ते उन्हानं तापलेलं होतं आणि हाडकुळं होतं, आणि ते सोडायचं नाही एवढंच तिला कळत होतं.

"मी चुकले, काकी. तुम्ही खोट्या नव्हतात. तुमच्या पाया पडते, पण आत जाऊ नका. आपण दोघी इथून निघू. मी येते तुमच्याबरोबर जळगावला."

सुगनबाईनं तिच्याकडे दयेनं पाहिलं. मोकळ्या हातानं तिनं मंदाकिनीचं एकेक बोट आपल्या मनगटावरून सोडवलं, लहान मूल रडून झोपल्यावर आई पदर सोडवते तसं.

"तू म्हणतेस जा," ती हलकेच म्हणाली. "ती म्हणते ये. मी कुणाचं ऐकू, छोरी?"

तिनं ट्रंक उचलली आणि मंदाकिनीच्या अंगाला अंग घासून बोळात शिरली. मंदाकिनीनं वळायचं ठरवलं. मान वळेना. वडाखाली लेकींचं गाणं चढत होतं. मागे कुलूप उघडल्याचा आवाज झाला नाही, दार मात्र उघडलं. आणि तिच्याच आवाजात, पण वर्षानुवर्षं तिला कधी काढता आला नव्हता इतक्या मऊ आवाजात, कुणीतरी म्हणालं,

"या काकी. दमलात ना?"